चौथीच्या वर्गातला खडखडाट

मी ब्रेल लिहिणारं यंत्र बोलतोय. बोलतोय हे आपलं म्हणायचं. मला येतो तो नुसता खडखडाट. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं, ते त्या खडखडाटापायीच झालं.

दिसायला मी काही खास नाही. राखाडी रंगाचं लोखंडी अंग, वजन एखाद्या तान्ह्या बाळाएवढं. पुढे एका ओळीत बटणं आहेत. तीन डावीकडे, तीन उजवीकडे आणि मध्ये जागा सोडायचं एक लांब बटण. वरून जाड कागद घालायचा. बटणं दाबली की कागदावर टिंबं उठतात, आणि ती बोटांनी वाचायची. ओळ संपत आली की माझ्या पोटात एक बारीकशी घंटा वाजते. बाकी सगळा खडखडाट.

पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली आणि तिथून मी थेट नॉर्थ डकोटात आलो, राज्याच्या अंध मुलांच्या शाळेत. तिथे एका वर्गात आम्ही तीस जण होतो. तास सुरू झाला की तीसही यंत्रं एकदम चालायची. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज व्हायचा. त्यात माझा कुठला, हे मलाही ओळखू यायचं नाही. मला वाटायचं, यंत्रं अशीच राहतात, तीस-तीस.

त्या शाळेत सहा वर्षांची एक मुलगी माझ्यापुढे येऊन बसली. ट्रुडी वेटर. तिच्या बोटांत जोर नव्हता. एक बटण दाबायला ती दोन बोटं लावायची. जन्मानंतर काही महिन्यांतच तिचे डोळे गेले होते, आणि ती दोन वर्षांची असताना आई गेली होती. गावी फक्त वडील होते, एमिल. ते धान्याच्या कोठारावर कामाला होते. गाव दोनशे मैलांवर. ती नाताळात घरी जायची आणि उन्हाळ्यात जायची. बाकीचे दिवस ती माझ्यावर डोकं टेकवून बसायची आणि बाई म्हणायच्या, "ट्रुडी, यंत्रावर झोपू नये. कागद चुरगळतो."

ती नऊ वर्षांची झाली त्या ऑगस्टमध्ये एमिल आपला मालवाहू ट्रक घेऊन आला. टोपी हातात, टोपीवर धान्याची धूळ.

मोठ्या बाईंना तो म्हणाला, "नवा कायदा आलाय. आता गावच्या शाळेनं तिला घ्यायचंच आहे. मी न्यायला आलोय."

"पण मिस्टर वेटर, तिथे तिला ब्रेल कोण शिकवणार?"

"दर गुरुवारी एक बाई येणार आहेत."

"आणि बाकीचे चार दिवस?"

एमिलने टोपी फिरवली. "बाकीचे चार दिवस ती संध्याकाळी घरी असेल," तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "मग हेही न्या. गावच्या शाळेच्या नावे करून देते मी. याच्याशिवाय तिला लिहिता येणार नाही."

दोनशे मैल मी ट्रुडीच्या मांडीवर बसून गेलो. ती गाणी म्हणत होती. मागे राहिलेल्या एकोणतीस जणांचा निरोप घ्यायचा राहून गेला, हे मला अर्ध्या वाटेत आठवलं.

गावाचं नाव टॉर्वाल. तिथली शाळा बुटकी, विटांची. चौथीच्या वर्गात बावीस मुलं आणि कोलबर्ग बाई. बाई वाईट नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला पुसून घेतलं, मुलांना रांगेत उभं करून प्रत्येकाला एकेक बटण दाबू दिलं. मी एवढा कधीच मिरवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं आणि मला माझा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

आता गारा नव्हत्या, एकट्याचाच आवाज होता. खट, खट-खट, खट. बावीस पेन्सिली कागदावर चालतात तेव्हा किती शांत असतं, हे मला माहीतच नव्हतं. त्या शांततेत मी म्हणजे चर्चमध्ये कुणीतरी बादली पाडावी तसा.

शुक्रवारी शब्दांची परीक्षा होती. बाई शब्द सांगायच्या, मुलं लिहायची.

"बाई, मला शेवटचा शब्द ऐकूच आला नाही!"

"मला पण नाही, बाई. त्या मशीनमुळे."

मागून वॉरन नावाचा मुलगा ओरडला, "ए ट्रॅक्टर! हळू चालव की जरा!" वर्ग खो-खो हसला. ट्रुडीही हसली. हसताना तिची बोटं माझ्या बटणांवर गच्च दाबलेली होती.

बाईंनी आम्हांला मागच्या बाकावर नेलं. मग दाराजवळ. आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस त्या ट्रुडीजवळ वाकून फार गोड आवाजात म्हणाल्या, "फक्त लिहायच्या वेळी हं, ट्रुडी. समोरच्या खोलीत बसशील? आपण दोन्ही दारं उघडी ठेवू. तुला सगळं ऐकू येईल."

"हो, बाई," ट्रुडी म्हणाली.

समोरची खोली म्हणजे झाडू, बादल्या, सिनेमा दाखवायचं जुनं यंत्र आणि कागदाचे गठ्ठे ठेवायची जागा. ओल्या फडक्याचा वास. दार उघडं राहावं म्हणून त्याला एक बादली लावली होती. पण नोव्हेंबरात व्हरांड्यात बर्फासारखा वारा यायला लागला. त्या हवेत गाड्यांच्या इंजिनांना सुद्धा विजेची वायर लावून ऊब द्यावी लागते. कुणीतरी बादली काढली. कुणी ते ठाऊक नाही. दार आपोआप बंद झालं.

सकाळी हजेरीला ट्रुडी वर्गात "हजर" म्हणायची, मग मला छातीशी धरून व्हरांडा ओलांडून यायची. चौदा पावलं. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक गृहस्थ चौकशीला आले तेव्हा मुख्याध्यापक रास्के सर त्यांना म्हणाले, "ती ना? चौथीत आहे. सगळ्यांबरोबर." खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. हजेरीच्या वहीत तसंच होतं.

गुरुवारी ट्वेट बाई यायच्या. जिल्ह्यातल्या सहा शाळांतल्या मुलांसाठी त्या एकट्या, आठवडाभर गाडीतच. अंगातला जाड कोट न काढता त्या ट्रुडीच्या शेजारी बसायच्या आणि टिंबं नजरेनंच भरभर वाचायच्या. त्यांना वाटायचं, आपल्या तासासाठीच ही खोली मिळाली आहे. बाकीचे दिवसही ट्रुडी इथेच असते, हे तिने सांगितलं नाही. घरीही सांगितलं नाही. एमिल विचारायचा, "कसं काय चाललंय, पोरी?" ती म्हणायची, "मस्त." हे मला कसं कळलं? तिने माझ्यावर लिहिलं होतं.

त्या खोलीत ती गणितं करून झाली की लिहीत बसायची. तिने लिहिलेलं सगळं माझ्या अंगातून गेलंय, त्यामुळे ते मला पाठ आहे.

"आज मंगळवार. सकाळी वॉरनने मला ट्रॅक्टर म्हटलं. नंतर कुणी काहीच म्हटलं नाही."

"आज वर्गात मोठा हशा झाला. भिंतीतून आला. कशाचा ते कळलं नाही. मीही थोडी हसले."

"आज सूपमध्ये कणकेचे गोळे होते. लिनेट नावाची मुलगी जेवताना माझ्या शेजारी बसली. तिचा आवाज नाकातून येतो. तिला माझं नाव माहीत आहे."

ही पानं ती खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची. गुरुवार सोडला तर त्या इमारतीत ती वाचू शकेल असं कुणी नव्हतं. मी सोडून. आणि मला सांगता येत नव्हतं. माझ्याच आवाजामुळे ती तिथे येऊन पडली होती आणि तिच्याशी बोलायला तिथे मीच तेवढा होतो. ती मला कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

जानेवारीत वादळं लागली. रस्ते बंद झाले. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ट्वेट बाई आल्याच नाहीत. चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी ट्रुडीने कागद घातला नाही. तिने मला बाजूच्या फळीवर ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली.

"तू बस इथेच," ती म्हणाली.

आणि ती वर्गात गेली. बाईंना म्हणाली, "मी नुसतं ऐकेन. मला लक्षात राहतं." भिंतीतून मला ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "बरं." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं होतं.

एकोणीस दिवस मी त्या फळीवर होतो. झाडू घ्यायला माणूस यायचा, दिवा लावायचा, विझवायचा. भिंतीपलीकडे भागाकार चालले होते. बाई विचारायच्या, "ट्रुडी, किती आले?" कधी ती बरोबर सांगायची. मग आकडे मोठे झाले. "ट्रुडी?" शांतता. "बरं, लिनेट, तू सांग." नंतर बाईंनी तिला विचारणंच सोडलं. दयेपोटीच सोडलं असणार.

फेब्रुवारीत रस्ता मोकळा झाला. ट्वेट बाई बुटांवरचा बर्फ आपटत खोलीत आल्या. माझ्यावर बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ती धूळ त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांची नजर खडूच्या खोक्यावर गेली. त्यांनी वरचं पान काढलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली ठेवून दिलं.

ट्रुडी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ट्रुडी, मी एक पान वाचलं. विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

ट्रुडीचा चेहरा लाल झाला. "कुठलं?"

"हशाचं."

ट्रुडीने खडूचं खोकं चाचपून पाहिलं. मग ट्रुडी म्हणाली, "बाकीची पण वाचा. पण त्यांना सांगायचं नाही. कुणालाच नाही. माझी आहेत ती."

"नाही सांगणार."

"पप्पांना पण नाही."

"नाही," ट्वेट बाई म्हणाल्या. पण त्यांनी बैठक बोलावली.

बैठक पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर चौथीच्याच वर्गात झाली. दारं उघडी होती, त्यामुळे मला फळीवरून ऐकू येत होतं. रास्के सर, कोलबर्ग बाई, ट्वेट बाई आणि एमिल. ट्रुडीने बाहेर थांबावं असं सर म्हणाले, तेव्हा एमिल म्हणाला, "तिच्याबद्दल बोलायचंय ना? मग ती बसेल."

सर भले गृहस्थ होते. समजुतीच्या सुरात बोलत होते. "मिस्टर वेटर, आम्ही मनापासून प्रयत्न केला. पण ती मागे पडते आहे. तिकडच्या शाळेत तिच्यासारखी मुलं आहेत, शिक्षक आहेत. तिथे ती एकटी पडणार नाही."

"ती इथे एकटी आहे का?" एमिलने विचारलं.

ट्वेट बाईंना सगळं माहीत होतं. त्यांनी शब्द दिलेला होता. त्यांची खुर्ची करकरली, एवढंच.

मग कोलबर्ग बाईच म्हणाल्या, "ती लिहायला समोरच्या खोलीत बसायची. आवाजामुळे. परीक्षेच्या वेळी वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

"म्हणजे... लिहायचं असेल तेव्हा."

"शाळेत आणखी काय करतात?" एमिल म्हणाला. "समोरची कुठली खोली?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चौदा पावलं त्याची दहातच झाली. तो दारात उभा राहिला. त्याने झाडू पाहिले, बादल्या पाहिल्या, तिचं छोटं बाक पाहिलं. मग आत आला आणि दार लावून घेतलं. दिवा लावला नाही.

तो माणूस त्या काळोखात मिनिटभर उभा होता. त्याच्या श्वासाशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं. पलीकडून सर हळू काहीतरी बोलले, ते भिंतीतून पुसट आलं. मग एमिलचा हात फळीवर चाचपडत आला, माझ्यावर पडला, थांबला. त्याने मला उचललं आणि दार उघडून तो परत वर्गात आला. मला त्याने टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"पोरी," तो म्हणाला. "तू मला मस्त म्हणालीस."

"तुम्ही मला परत पाठवलं असतं म्हणून," ट्रुडी म्हणाली.

"मी? मी पाठवलं असतं?"

"मला काय माहीत! सगळे म्हणतात तिथे चांगलं. तिथे चांगलंच होतं. तीस मशिनी होत्या, कुणाचाच आवाज यायचा नाही. पण तिथे रात्री घर नसायचं. इथे दिवसा वर्ग नसतो."

"पण आता तर तू वर्गातच बसतेस, ट्रुडी," कोलबर्ग बाई म्हणाल्या.

"बसते," ट्रुडी म्हणाली.

बाईंनी रुमाल काढला. सर खिडकीबाहेर बघत राहिले. एमिलने मला उलटं केलं. कोठारावरची सगळी यंत्रं तोच दुरुस्त करायचा. त्याने माझे चारही पाय दाबून पाहिले, बोटाच्या पेराने माझ्या पोटावर ठोकलं.

"अर्धा आवाज याचा नाहीच," तो म्हणाला. "लाकडी बाक पोकळ आहे. ढोल झालाय त्याचा. शनिवारी शाळा उघडाल का, सर?"

शनिवारी एमिल कोठारातल्या धान्य वाहणाऱ्या जुन्या पट्ट्याचं जाड रबर आणि घोड्याच्या खोगिराखालचा नमदा घेऊन आला. कोलबर्ग बाईही आल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं तरी. बाई पुढे आपल्या खुर्चीवर बसल्या. एमिल मागच्या बाकावर माझ्यापुढे बसला आणि ट्रुडी त्याच्या शेजारी.

"वाजवा," बाई म्हणाल्या.

एमिलला बटणं ठाऊक नव्हती. त्याची बोटं एवढी जाड की एकावर ठेवलं तर दोन दाबली जायची. त्याने सरळ सहाही बटणं एकदम दाबली. खट. खट. खट. खट.

"येतोय आवाज. अजून एक थर घाला."

नमदा घातला. पुन्हा खट, खट.

"कमी झाला. पण येतोय."

तोवर ट्रुडीने कागदावर बोटं फिरवली होती आणि ती हसायला लागली. "पप्पा, काय लिहिलंय तुम्ही?"

"मी कुठं काय लिहिलं? नुसतं वाजवतोय."

आमच्या लिपीत लांब शब्दांच्या आणि नेहमीच्या शब्दांच्या आखूड खुणा असतात. सहाही टिंबं एकदम उठली की एक अख्खा शब्द होतो. इंग्रजीतला 'फॉर', म्हणजे आपला 'साठी'.

"साठी, साठी, साठी, साठी," ट्रुडीने वाचलं. "कुणासाठी, पप्पा?"

एमिलने माझ्याखालचा नमदा सारखा केला. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आणि कुणासाठी करतोय मी हे शनिवारी?"

पुढे बसलेल्या कोलबर्ग बाई उठल्या. "मिस्टर वेटर, पुरे," त्या म्हणाल्या. "थोडा आवाज राहणारच. राहू दे. मला सवय करून घ्यायला हवी होती. मी तिलाच सवय करायला लावली." मग त्या मागे आल्या आणि माझं बाक त्यांनी स्वतः ओढत दुसऱ्या ओळीत नेलं, लिनेटच्या शेजारी.

सोमवारी मी वर्गात होतो. पहिला आठवडा मुलं मागे वळून बघायची. दुसऱ्या आठवड्यात बघेनाशी झाली. शब्दांच्या परीक्षेला बाई प्रत्येक शब्द दोनदा सांगायला लागल्या, आणि वॉरनचेच गुण वाढले.

मग एक गंमत झाली. लिनेटने ट्रुडीकडून अक्षरं शिकून घेतली. तिने वॉरनला शिकवली. का, तर कोलबर्ग बाईंना ती वाचता येत नाहीत म्हणून! तीन आठवड्यांत अर्धी चौथी माझ्यावर चिठ्ठ्या छापत होती. मधल्या सुट्टीत माझ्यापुढे रांग. "ए, हट ना, माझा नंबर!" "ट्रुडी, ह्याचं स्पेलिंग काय गं?" एकदा बाईंनी एक चिठ्ठी पकडली आणि गुरुवारपर्यंत जपून ठेवली. ट्वेट बाईंना दिली. "जरा बघा, काय लिहितात ही मुलं."

ट्वेट बाईंनी वाचलं. कोलबर्ग बाईंच्या नव्या केशरचनेला कुठल्या पक्ष्याचं घरटं म्हणायचं, यावर त्यात मतदान होतं.

"भागाकाराचं आहे," ट्वेट बाई म्हणाल्या आणि त्यांना एकाएकी खोकला आला.

ते दिवस माझे सर्वांत चांगले. ट्रुडी मागचं सगळं भरून काढून पाचवीत गेली आणि मी तिच्याबरोबर. सहावी, सातवी, पुढे. पण सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. मुलं मोठी झाली आणि ती अक्षरं विसरली. चिठ्ठ्यांची गरज राहिली नाही. आमच्याकडे चौदा-पंधराव्या वर्षी पोरं गाड्या चालवायला लागतात, शुक्रवारी सामने, शनिवारी भटकणं. लिनेट कधीकधी न्यायची तिला. कधीकधी विसरायची. शनिवारी दुपारी ट्रुडी माझ्यावर लिहीत बसायची. काय लिहायची ते मी सांगणार नाही. तिने ट्वेट बाईंना घातलेली अट मला पण लागू आहे.

शाळा संपल्यावर ती दूर शहरात शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिकडे तिला दुसरं यंत्र मिळालं. मी शाळेच्या मालकीचा, म्हणून मागे राहिलो. शाळेत आता माझं काम नव्हतं.

एका शनिवारी एमिल शाळेत आला. केस पांढरे झाले होते. "ते मशीन कुणी वापरतं का?" त्याने विचारलं. "मला हवंय. सही करून देतो."

फोन होता की त्याच्याकडे. पण फोनवर एमिलला दोनच गोष्टी यायच्या. "तिकडे थंडी आहे का?" आणि "बरं मग." मला त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर खिडकीशी ठेवलं, आणि ट्वेट बाईंनी दिलेला अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला. जाड बोटांनी तो एकेक अक्षर शोधायचा. एका ओळीला अर्धा तास. तो लिहायचा: "कुत्रा म्हातारा झालाय. तू गेल्यापासून तुझ्या खोलीच्या दाराशी झोपतो. मी पण परवा तिथे उभा होतो. काही काम नव्हतं." एवढं बोललेला एमिल मी तोवर कधी ऐकला नव्हता.

तिची उत्तरं यायची. त्याच्या बोटांना कामाने एवढे घट्टे पडलेले की त्यांना टिंबं लागायचीच नाहीत. तो दुपारच्या उन्हात कागद तिरपा धरायचा आणि टिंबांच्या सावल्या वाचायचा. ओठ हलायचे. ढगाळ दिवस असला तर पत्र तसंच ठेवून द्यायचा आणि उन्हाची वाट बघायचा.

असं सोळा वर्षं चाललं. मग एका सप्टेंबरात, कापणीच्या दिवसांत, तो कोठारावरच गेला.

ट्रुडी आली. तिचेही केस कुठे कुठे पांढरे झाले असतील, पण ते तिला कोण सांगणार! लिनेट मदतीला आली होती. दोघींनी घर आवरलं. पत्रं ट्रुडीने पिशवीत भरली. मग टेबल पुसताना तिचा हात मला लागला आणि ती थांबली. एखादं अर्धवट पत्र राहिलं असेल म्हणून तिने माझ्या वरच्या फटीत बोटं घातली. कागद नव्हता. तिने पुन्हा एकदा पाहिलं. नव्हताच.

"हे पण घेऊन जा ना," लिनेट म्हणाली. आवाज अजून नाकातूनच.

"शाळेचं आहे," ट्रुडी म्हणाली. "पप्पांनी सही केलीय." तिच्या खांद्यावरच्या पिशवीत तिचं नवं यंत्र होतं, पुस्तकाएवढं, अजिबात आवाज न करणारं. मी तिला दोष देत नाही. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, लिनेटच्या गाडीत मांडीवर घेतलं, आणि आम्ही टॉर्वालच्या शाळेत गेलो. शाळा बंद झाली होती. गावात पुरेशी मुलंच उरली नव्हती. म्हणून पुढच्या गावी जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो आणि तिथे तिने मला खिडकीतून आत दिलं. जाताना तिने तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि काढून घेतला.

त्याला अकरा वर्षं झाली. मी इथल्या कपाटात आहे. माझ्या एका बाजूला कानावर लावायच्या यंत्रांचं खोकं आहे, दुसऱ्या बाजूला चित्रांचे तक्ते, खाली एका लहान मुलीची धरून चालायला शिकायची लोखंडी चौकट, तिच्या मुठीला गुलाबी फीत बांधलेली. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. प्रत्येकाचं मूल मोठं होऊन गेलंय. मोठं झालं हेच बरं, ते मलाही कळतं.

तुम्हांला एवढंच सांगायचंय. तुमच्या वर्गातही कुणाचा तरी असा आवाज होत असेल. कुणाच्या चाकांचा, कुणाच्या तोंडचा, कुणाच्या स्वस्थ न बसणाऱ्या पायांचा. त्याचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. मी स्वतः तो त्रास होतो. पण त्याला समोरच्या खोलीत नेण्याआधी दोन आठवडे कळ काढा. आम्हांला लागले त्याहून जास्त लागायचे नाहीत.

मागच्या महिन्यात कार्यालयातली एक तरुण बाई कपाट आवरायला आली. तिने मला पुढे ओढलं, फडकं मारलं, आणि तिचं बोट सहज एका बटणावर पडलं. कागद नव्हता, टिंब हवेतच उठलं. माझा आवाज त्या खोलीभर झाला.

ती दचकली. मग हसली. "अरेच्चा," ती मागे वळून कुणाला तरी म्हणाली, "हे अजून चालतंय की गं!"

"राहू दे मग," पलीकडून उत्तर आलं. "लागलं कुणाला तर."

तिने मला परत आत ढकललं आणि दार लावलं.

चालतंय. अजून चालतंय.